चार बोटं उथळ पेटी

भिंगारच्या मिस्त्रीने आमच्या आईची पेटी उथळ केली, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या माणसांपैकी कोणाला अजून आठवत असेल, तर ते त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे. चार-साडेचार वर्षं मी ते घरोघर सांगत होतो, आणि चवीने सांगत होतो. एका माणसाचं दुकान बंद पाडायला तेवढा काळ पुरला.

आई गेली तेव्हा युद्ध चालू होतं. उन्हाळ्याचे दिवस होते, पहाटे ती गेली, आणि त्या उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. दफन संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं. मी तेव्हा नगरात मिशनच्या शाळेत मास्तर होतो, वय चोवीस. घरात मी आणि अक्का. अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि आईइतकंच तिनेही मला वाढवलं होतं.

पेटी आणायचं काम माझं. त्यावेळी नगरच्या बाजूला ख्रिस्ती लोकांसाठी पेट्या करणारे दोघेच. एक ठेकेदार. तो लष्कराला सामानाची खोकी पुरवायचा आणि त्याच लाकडाच्या पेट्या करून त्यांना काळं कापड लावायचा. त्याच्या दुकानात पेट्या तयार असत. लहान, मधली, मोठी, चपलांच्या दुकानासारख्या ओळीने मांडलेल्या. मी आधी तिथेच गेलो. त्याने मला एकच गोष्ट विचारली, "केव्हा पाहिजे?" चकचकीत कड्या, ताणून बसवलेलं कापड. मला ते दुकान आवडलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

पण आईने आजारपणात दोनदा सांगितलं होतं, की माझी पेटी भिंगारच्या मिस्त्रीकडूनच कर. शेजारच्या एका बाईच्या दफनाला तिने त्याचं काम पाहिलं होतं. म्हणून सायकल काढली आणि भिंगारला गेलो.

मिस्त्री पन्नाशीचा, काटकुळा माणूस. दुकानात एकही तयार पेटी नाही, नुसत्या भिंतीला टेकलेल्या फळ्या. मी बरोबर सुतळी आणली होती. आमच्यात मयताची उंची सुतळीने घेतात, डोक्यापाशी एक गाठ आणि पायापाशी एक. मग ती सुतळी पेटीतच टाकतात, घरात परत आणत नाहीत. मिस्त्रीने सुतळी घेतली, फळीवर धरली आणि प्रश्न सुरू केले. खांदे किती रुंद? अंगाला सूज हाय का? खांद्यावर नेनार का गाडीवर? उचलनारे किती? खड्डा मुरमात हाय का काळ्या मातीत? मातीत ओल हाय का? दोर कुनाचे? मला त्याचा राग यायला लागला. माझी आई गेलेली आणि हा माणूस मला शाळेतल्या पोरासारखा उभा करून तपासत होता.

शेवटी त्याने विचारलं, "मास्तर, आत गोधडी-उशी काय घालनार का? घालायची आसंल तर चार बोटं खोल करतो. आनिक एक फळी चिरावी लागंल, तासभर जादा जाईल. पन आताच सांगा."

मी म्हणालो, "आमच्यात तसलं काही नसतं."

आमच्यात ते होतं. आईचं माहेर राहात्याकडचं, आणि तिकडच्या आमच्या लोकांत बाईला तिनेच शिवलेल्या गोधडीवर निजवतात. आईची गोधडी पत्र्याच्या ट्रंकेत होती, आणि ती कशासाठी ठेवली आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी मॅट्रिक झालेला, कोट घालणारा मास्तर. मडमांच्या दफनाला पांढरी चादर असते हे मी पाहिलेलं होतं. लुगड्यांच्या चिंध्यांची गोधडी सगळ्या मंडळीसमोर निघावी, याची मला लाज वाटत होती. शिवाय आणखी तासभर तिथे त्याच्या प्रश्नांसमोर बसण्याची माझी तयारी नव्हती.

"नक्की ना?" त्याने विचारलं.

"एकदा सांगितलं ना!"

चारच्या सुमाराला पेटी घरी आली. अक्काने गोधडी ट्रंकेतून काढून, चार पदरी घडी घालून तयार ठेवली होती. तिने मला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही होतं असं तिला वाटलंच नसणार. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. पेटी उथळ आहे, गोधडी वरून पांघरू, एवढंच म्हणायचं होतं. अक्का रडत रडत गोधडीच्या कडा सारख्या करत होती, आणि मी गप्प राहिलो. आईला वर निजवलं तेव्हा तिची छाती आणि त्यावर जोडून ठेवलेले हात पेटीच्या काठाला आले. संधिवाताने आईच्या बोटांचे सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते.

झाकण आमच्यात कबरीपाशी लावतात, सगळ्यांनी शेवटचं पाहून झाल्यावर. ठेकेदार त्या कामाला हमाल पाठवायचा. मिस्त्री स्वतः यायचा. पाळकांनी प्रार्थना केली, लोकांनी पाहिलं, मग मिस्त्री पुढे झाला. त्याने पेटीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली.

त्याने आत हात घालून काहीतरी सारखं केलं, झाकण ठेवलं, त्यावर एक हात दाबून स्क्रू पिळायला लागला. दोन बसले. तिसऱ्याला कडकन आवाज झाला.

"आईचे हात!" अक्का ओरडली. "अरे, आईचे हात मोडले!"

लोक पुढे सरकले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मिस्त्रीला दरडावलं, "काय रे, माप घेतलं होतंस का नाही? का लष्करातली उरलेली पेटी आणून टाकलीस?"

"माप घेतलं हुतं, सायेब," मिस्त्री म्हणाला. "आत काय घालनार का, त्ये बी मास्तरांना इचारलं हुतं."

सगळे माझ्याकडे वळले. अक्काही वळली.

मी म्हणालो, "यानं मला काहीएक विचारलेलं नाही."

 मिस्त्री मला सोडून अक्काकडे वळला. "बाई, जरा ऐका, त्यो आवाज..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. दोन्ही हातांनी ढकललं. "हात लावू नको पेटीला! चालता हो इथून!" तो उकरलेल्या मातीवर पडला. उठला, धोतर झटकलं, हत्यारं गोळा केली आणि गेला. उरलेले स्क्रू आमच्यातल्याच एकाने कसेबसे बसवले.

खोटं बोलून मोकळं होता येत नाही. ज्याच्याविषयी बोललो तो माणूस रोज डोळ्यांसमोर येतो, आणि मग त्याचा खरोखरच द्वेष वाटायला लागतो. महिन्याभरात माझी खात्री झाली होती की मिस्त्रीने मला काही विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असलं तरी नीट विचारलं नव्हतं, आणि नीट विचारलं असलं तरी चांगल्या कारागिराने चार बोटं आपणहून खोल ठेवायला नकोत का? अशा पायऱ्या मी रोज चढत होतो.

सूड घ्यायची सोयही माझ्या हाताशी होती. मंडळीत कुणी गेलं की मला बोलावणं यायचं. म्युनिसिपालिटीत नोंद करायची, गावोगावच्या नातेवाइकांना तारा करायच्या, हे काम लिहिता येणाऱ्या माणसाचं. घरातले लोक सुन्न झालेले असत. अशावेळी जो माणूस ठामपणे बोलतो त्याचं ते ऐकतात. मी ठामपणे बोलायचो.

मी सांगायचो, पेटी आंधळेपणाने घेऊ नका. कापड उचलायला लावा, कापडाखाली काय आहे ते बघा. तळाची फळी सलग आहे का तुकडे जोडलेत? बोटाने वाजवा. खिळे आहेत का स्क्रू? कडी नुसती शोभेची आहे का भार घेते, दोघांनी उचलून बघा. खोली हाताने मोजा. झाकण लावायला कोण येणार ते आधीच ठरवा. आणि एवढं करूनही भिंगारच्या त्या मिस्त्रीकडे जाऊ नका. आमच्या आईचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

शेवटचं वाक्य सोडलं तर सल्ला अक्षर न् अक्षर खरा होता. लोक माझे आभार मानत. एका बाईंनी तर मला त्यासाठी कोंबडी पाठवली होती.

मी त्यांना ठेकेदाराकडे घेऊन जायचो. दोन-तीन वेळा त्याची तारांबळ उडाली. मग त्याला माझे प्रश्न पाठ झाले. आम्ही दारात पाऊल टाकताच तो सुरू व्हायचा, "या मास्तर! तळ सलग, स्क्रू पितळी, कडी भाराची, कापड उचलून दाखवतो." कापड उचलायचा तेही एका ठरलेल्या कोपऱ्यात. मी मान डोलवायचो. विकणाऱ्याला सगळी उत्तरं येतात म्हणजे माल चांगला, असं मी लोकांना शिकवलं, आणि तेव्हा मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. ज्याने उलट मलाच प्रश्न विचारले होते, त्या एकट्या माणसाकडे मी कुणाला जाऊ देत नव्हतो. एका पावसाळ्यात शाळेच्या म्हाताऱ्या शिपायाला नेताना ठेकेदाराच्या पेटीचा तळ वाकून खाली आला. उचलणाऱ्यांनी खालून हात लावून कशीबशी कबरीपर्यंत नेली. मी तिथेच होतो. त्याची वाच्यता मी कधी केली नाही.

तरीही एक कुटुंब भिंगारला गेलं. त्यांचा मिस्त्रीशी जुना घरोबा होता. मला कळलं तसा मी सायकल मारत मागोमाग पोचलो. पेटी तयार होऊन दुकानाच्या ओट्यावर ठेवलेली. मेलेल्या माणसाचे दोन भाऊ उभे, आणि बाजाराचा रस्ता म्हणून इतर पाच-पंचवीस बघे.

मी ओट्यावर चढलो आणि मोठ्याने म्हणालो, "खोलीची खात्री काय? आमच्या वेळी काय झालं ते साऱ्या नगरला ठाऊक आहे."

"मोजून घ्या, मास्तर," मिस्त्री म्हणाला.

"मोजून काय कळतंय? तू स्वतः आत निजून दाखव. वर झाकण ठेवून बघू."

बघे हसले. त्यातल्या एकाने आवाज दिला, "व्हय मिस्त्री, निजा की! मापाचीच दिसतीय तुमच्या!"

जिवंत माणसाने पेटीत निजणं हे कुणाच्या घरात चालेल? आतल्या दारात त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "आवो, नका. माझ्या गळ्याची आन हाय." एका भावाने माझा हात धरला, "जाऊ द्या मास्तर, आमचा विश्वास आहे त्यांच्यावर." मी हात सोडवून घेतला. मला ते हवं होतं. त्याला सगळ्यांसमोर आडवा झालेला मला बघायचा होता.

मिस्त्रीने टोपी काढून फळीवर ठेवली. पेटीत बसला, मग पाठ टेकली, हात छातीवर घेतले. खालून माझ्या डोळ्यात डोळे घालून तो म्हणाला, "मास्तर, गोधडी बी घालू का?"

लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, मिस्त्री थट्टा करतो आहे. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

त्यानंतर आमच्यातलं कुणी त्याच्याकडे गेलं नाही. पेटीत निजलेला मिस्त्री, असं पोरंसुद्धा म्हणायला लागली, आणि अपशकुनी माणसाकडे कोण जाणार? युद्ध संपलं, छावणीतलं जे किरकोळ काम त्याला मिळायचं तेही गेलं. एक दिवस भिंगारहून येताना पाहिलं तर दुकानाला दुसऱ्याचं कुलूप होतं. त्या दिवशी मी आनंदाने घरी आलो, आणि अक्काला ते सांगितलं.

अक्का म्हणाली, "तो कुठे का असेना. मला सांग, तो आवाज हाताचाच होता ना रे?"

हे ती मला नेहमी विचारायची. दळताना मध्येच थांबून विचारायची, उपासनेहून परतताना विचारायची. आई गेल्यापासून ती छातीवर हात घेऊन झोपत नव्हती. दोन्ही हात अंगापासून लांब, सतरंजीवर पसरून ठेवायची, आणि मला बजावायची, "मी गेले तर माझे हात असेच बाजूला ठेव. जोडू नको." मी तिला उत्तर कधी दिलं नाही. दरवेळी मिस्त्रीला शिव्या दिल्या. माझी त्याच्यावरची चीड हेच तिने उत्तर समजावं, अशी माझी इच्छा होती. तिने मात्र त्याला एकदाही वाईट म्हटलं नाही.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी शाळेच्या कामाने मला काष्टीला जावं लागलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. बैलबाजाराच्या कडेला एका लिंबाखाली कुणीतरी जू तासत बसलं होतं, आणि मी तोंड फिरवेपर्यंत त्याने हाक मारली.

"या, मास्तर."

मिस्त्री म्हातारा झाला होता. मला वाटलं, आता हा चार लोकांत माझी अब्रू काढणार. त्याने समोरच्या हॉटेलातून चहा मागवला.

"अक्का कशा हायेत?" त्याने विचारलं.

माफी मागायची ती वेळ होती. माझ्या तोंडून निघालं ते असं, "कशी असणार? पाच वर्षं झाली, तिच्या कानातून तो आवाज जात नाही. तुझ्यामुळे."

त्याने तासायचा वाकस खाली ठेवला. "अजून?" तो म्हणाला. "आवो, ती झाकनाची पट्टी हुती."

"कसली पट्टी?"

"झाकनाच्या आतल्या अंगाला आडवी पट्टी आस्ती. झाकन टेकंना, मी स्क्रू वढला, पट्टी फुटली. माझा हात वरच हुता, हाताला कळलं. आईसायबांच्या हातांना काय बी झालं न्हाई. झाकन ठेवायच्या आधी मी आत हात घालून त्ये दोन्ही बाजूला, कुशीला सरकवलं हुतं. तुमी बगत न्हवता तवा."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगतच हुतो. तुमी ढकाललंत."

"नंतर?"

"नंतर तुमी मला पेटीत निजवलंत."

चहा आला. आम्ही तो प्यालो. बशी खाली ठेवून तो म्हणाला, "चला, आजच्या गाडीनं मी येतो नगरला. अक्कांसमोर बसून सांगतो. पन त्या इचारतील, मिस्त्री, पट्टी का फुटली? तवा मी खोटं बोलनार न्हाई. गोधडीचं इचारलं हुतं आनि मास्तर न्हाई म्हनले, ह्ये सांगनार. चालतंय?"

 बाजारात कुणीतरी बैलाचे दात बघत होतं.

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो तिला."

तो हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं. "मला ठावं हुतं. घ्या मग. आता त्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." आणि त्याने वाकस उचलून जू पुढे ओढलं. मी उठेपर्यंत परत मान वर केली नाही.

मी त्याच्याशी जे केलं त्याला चार वर्षं लागली होती. त्याने एका कप चहात परत केलं. अक्काला सोडवू शकेल अशी एकच गोष्ट जगात होती आणि ती त्याने माझ्या हातात ठेवली, अशी, की मी ती स्वतःला उघडं पाडल्याशिवाय कुणाला देऊ शकत नव्हतो. आमचं घर त्याला ठाऊक होतं. तो मला न विचारता येऊ शकला असता. आला नाही. त्याबद्दल मला त्याचा आजही राग येतो, आणि आजही मी तो सोडायला तयार नाही.

घरी आलो तेव्हा अक्का उंबऱ्याशी बसून ज्वारी पाखडत होती. मी कोटसुद्धा न काढता तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, "अक्का, तो आवाज लाकडाचा होता. झाकणाच्या पट्टीचा. आईचे हात बाजूला होते."

तिने सूप थांबवलं. तिचा चेहरा असा वर झाला की मला वाटलं, झालं, आता ही सुटली.

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. "कोण म्हणालं, सांग ना!"

मिस्त्री, एवढा एकच शब्द. तो म्हटला असता, तर ती दुसऱ्या सकाळी काष्टीला निघाली असती. पायी गेली असती. त्याच्यासमोर बसली असती, आणि त्याने सगळं सांगितलं असतं. मग ती माझ्याकडे परत आली असती.

मी म्हणालो, "कुणी नाही. मला आपलं वाटतं."

तिचा चेहरा परत खाली आला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझं मन राखायला बघतोस," ती म्हणाली. "गुणी आहेस रे."

ती आणखी सहा वर्षं जगली. तो आवाज हातांचाच होता असं समजून गेली. तिने सांगितल्याप्रमाणे मी तिचे हात बाजूला ठेवले.